शेंदरात दडलेलं शिसं

गावच्या वेशीवरच्या मारुतीचा तो नारिंगी-लाल रंग म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत शिशाचं ऑक्साइड. पारंपरिक शेंदराच्या प्रत्येक रेणूसूत्रात शिशाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. शिशाचा अणू ऑक्सिजनच्या कितीतरी पट जड. त्यामुळे वजनाच्या हिशेबात दहा किलो शेंदरातलं नऊ किलोंहून अधिक शिसंच असतं. शेंदराची चिमटी जड लागते ती म्हणूनच.

तयार करण्याची रीत जुनी आणि तशी साधी आहे. वितळलेलं शिसं हवेत तापवत ठेवलं की त्याचं पिवळसर मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचं कमी ऑक्सिजन असलेलं ऑक्साइड, होतं. त्याची पूड भट्टीत, भरपूर हवा खेळती ठेवून, 450 ते 500 अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजायची. पूड हवेतला आणखी ऑक्सिजन घेते आणि लाल होते. कौशल्य आहे ते आच सांभाळण्यात: तापमान साडेपाचशेच्या वर गेलं की ऑक्सिजन सुटून जातो आणि पुन्हा मुरदाडशिंगच हाती येतं.

शेंदरातले शिशाचे सगळे अणू एकाच रासायनिक अवस्थेत नसतात. तिनांतले दोन एका अवस्थेत, तिसरा वेगळ्या. नायट्रिक आम्लात शेंदूर टाकला की हे डोळ्यांनी दिसतं. दोन अणूंचा वाटा विरघळून जातो, लाल रंग नाहीसा होतो आणि तळाशी गडद तपकिरी शिसे-डायऑक्साइड उरतं. मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीतल्या धन पट्टीवर हाच तपकिरी पदार्थ काम करतो, म्हणून त्या पट्टीच्या लगद्यात शेंदूर मिसळतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेंदराचा आणि तेलाचा संबंध. जवसाच्या तेलात शेंदूर कालवला की तेलातल्या आम्लांशी शिशाचा संयोग होऊन शिशाचे साबण तयार होतात. तेल लवकर सुकतं, थर घट्ट होतो आणि लोखंडाला गंज चढू देत नाही. 1937 साली खुल्या झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला पहिला हात शेंदराचाच होता. आपल्याकडे मूर्तीवर तेल-शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जाऊन त्याचं कवच बनतं. 2022 मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा असा जाड थर उतरवल्यावर आतलं मूळ रूप भाविकांना दिसलं.

पण शिसं हे विष आहे, आणि श्रद्धेच्या वस्तूबद्दलही हे स्पष्ट सांगायला हवं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला ते सर्वांत जास्त अपाय करतं, आणि रक्तात अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही. बाजारात शेंदूर म्हणून विकली जाणारी प्रत्येक पूड शिशाची नसते, पण नुसत्या रंगावरून ते ओळखता येत नाही. म्हणून शेंदूर बाळाच्या कपाळाला लावू नये, आणि मूर्तीला लेपन करणाऱ्यांनी जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

भारतात 2016 च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांपुरतं मर्यादित केलं. नियम रंगाच्या डब्यांसाठी आहे. पूजेच्या दुकानातली शेंदराची पुडी त्यात येत नाही.