'रॉयल कॅनेडियन्स' म्हणजे 'रॉयल कॅनेडियन रेजिमेंट' नव्हे

झाशीच्या वेढ्यावर काही वाचायला घ्यावं आणि मध्येच 'या लढाईत कॅनडाची पलटणही होती' असं वाक्य समोर यावं, हे इतक्यांदा झालंय की आता एकदाचं नीट लिहून काढतो. कॅनडाची पलटण झाशीत नव्हती. हा सगळा घोटाळा दोन नावांमुळे होतो. ब्रिटिश लष्करात 'प्रिन्स ऑफ वेल्सेस लेन्स्टर रेजिमेंट' नावाचं पायदळ होतं आणि त्या नावापुढे कंसात 'रॉयल कॅनेडियन्स' असं लिहीत. ही रेजिमेंट १९२२ मध्ये मोडली. दुसरी 'द रॉयल कॅनेडियन रेजिमेंट' कॅनडाच्या स्वतःच्या लष्करातली, ती आजही आहे.

दुसरी बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तिच्यावर जागा घालवत नाही. २१ डिसेंबर १८८३ ला 'इन्फंट्री स्कूल कोअर' म्हणून स्थापना, १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेत पार्डेबर्गची लढाई, मग दोन महायुद्धं, कोरिया, अफगाणिस्तान. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर व्हिक्टोरिया राणीची 'व्हीआरआय' ही अक्षरं आहेत. लेन्स्टरच्या बिल्ल्यावर प्रिन्स ऑफ वेल्सचे तीन पिसांचे तुरे. जुन्या फोटोतला सैनिक कोणत्या रेजिमेंटचा, हे एवढ्यावरून कळतं.

अडतं ते कंसापाशी. तो कंस कुठून आला, हे कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

१८५७ च्या उठावाने ब्रिटिशांची फौज हिंदुस्थानात अडकून पडली आणि माणसं कमी पडू लागली. तेव्हा १८५८ मध्ये कॅनडात भरती करून एक नवी पलटण उभी केली: १०० वी, 'प्रिन्स ऑफ वेल्सेस रॉयल कॅनेडियन'. माणसं कॅनडातली, पण पलटण ब्रिटिश लष्कराची. पगार लंडनचा, हुकूम लंडनचा, क्रमांकही ब्रिटिश पायदळाच्या यादीतला. कॅनडाला स्वतःचं कायमस्वरूपी पायदळ तेव्हा नव्हतंच. यॉर्क म्हणजे आजच्या टोरोंटोत जन्मलेले अलेक्झांडर डन या पलटणीत मेजर होते आणि पुढे तिचे प्रमुख झाले. क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध घोडदळी चढाईत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश लष्कराचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवलेला हा माणूस. पलटण मात्र ज्या युद्धासाठी उभी केली त्यात पोहोचलीच नाही. इंग्लंड, जिब्राल्टर, माल्टा असं करत ती हिंदुस्थानात आली ती १८७७ मध्ये. तोवर झाशी पडून एकोणीस वर्षं झाली होती, आणि कॅनडात भरती झालेल्यांच्या जागी इंग्लंड-आयर्लंडमधली माणसं आली होती.

मग झाशी आली कुठून? ती आली आपल्या मुंबईकडून. ईस्ट इंडिया कंपनीने १८५३ मध्ये 'थर्ड बॉम्बे युरोपियन रेजिमेंट' उभारली होती. इथे मराठी वाचक दुसऱ्यांदा चकतो. 'बॉम्बे' दिसलं की आपली कोकणातली, देशावरची माणसं डोळ्यांपुढे येतात. पण ही गोऱ्यांची पलटण. आपली माणसं होती ती 'बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री'त, ज्यांना लोक काळी पलटण म्हणत. ही गोरी पलटण सर ह्यू रोजच्या फौजेत होती आणि ३ एप्रिल १८५८ ला झाशीवरच्या हल्ल्यात उतरली. तिच्यातला फ्रेडरिक व्हर्लपूल हा आयरिश शिपाई तटावरून गोळीबार चालू असताना मेलेल्या-जखमी सोबत्यांना उचलून आणायला परत गेला. महिन्याभराने लोहारीच्या हल्ल्यात एका अधिकाऱ्याला वाचवताना त्याच्या अंगावर सतरा घाव झाले, तरी तो जगला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कंपनी सरकार गेल्यावर १८६२ मध्ये ही पलटण राणीच्या लष्करात आली आणि '१०९ वी, बॉम्बे इन्फंट्री' झाली.

१ जुलै १८८१ च्या लष्करी फेररचनेत १०० वी आणि १०९ वी यांचं लग्न लावून दिलं. कॅनडात जन्मलेली पहिली बटालियन झाली, मुंबईची दुसरी, आणि दोघींना घर दिलं आयर्लंडमध्ये, लेन्स्टर प्रांतातल्या बर गावी. जुन्या नावातलं 'रॉयल कॅनेडियन' तेवढं कंसात जपलं. एकत्र कुटुंबात सुनेचे दागिनेही घराण्याच्या नावावर चढावेत, तसा १०९ व्या पलटणीचा 'सेंट्रल इंडिया' हा युद्धसन्मान, म्हणजे लढलेल्या मोहिमेचं नाव मिरवायचा मान, सगळ्या रेजिमेंटच्या नावावर आला. 'रॉयल कॅनेडियन्स'च्या नावापुढे 'सेंट्रल इंडिया' दिसतो आणि लिहिणारा कॅनडाला झाशीत नेऊन बसवतो, ते यामुळे. कंसातला शब्द जन्मगाव सांगतो. राष्ट्रीयत्व सांगत नाही.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा १९०० सालचा आहे. लेन्स्टरची पहिली बटालियन तेव्हा कॅनडातच, हॅलिफॅक्स बंदराच्या ब्रिटिश शिबंदीत होती. बोअर युद्धासाठी लंडनला ती दक्षिण आफ्रिकेत हवी होती. मग हॅलिफॅक्स सांभाळायला कॅनडाने रॉयल कॅनेडियन रेजिमेंटची खास तिसरी बटालियन उभी केली, आणि लेन्स्टर जहाजात चढले. म्हणजे कॅनडाच्या भूमीवर 'रॉयल कॅनेडियन्स'ना कॅनडाच्या सैनिकांनी मोकळं केलं. दोन्ही एकच असत्या, तर या घटनेला अर्थच उरत नाही. त्याच वर्षी कर्नल ऑटर यांच्या हाताखाली रॉयल कॅनेडियन रेजिमेंटची दुसरी बटालियन दक्षिण आफ्रिकेत लढत होती, त्यामुळे तिथल्या बातम्या वाचताना पावलोपावली तपासावं लागतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये फ्रान्समधल्या व्हिमीच्या टेकडीपाशीही हेच. ९ एप्रिलला रॉयल कॅनेडियन रेजिमेंट कॅनडाच्या तिसऱ्या डिव्हिजनमधून चढली, आणि १२ एप्रिलला शेजारीच बुआ-आं-आशच्या जंगलात लेन्स्टरची दुसरी बटालियन लढली, ब्रिटिश डिव्हिजनमधून.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: या नावांचं भाषांतर करू नका. 'शाही कॅनेडियन पलटण' असं लिहिलंत की दोन्ही रेजिमेंटी एकमेकींत विरघळतात आणि मूळ पाहिल्याशिवाय वाचकाला त्या वेगळ्या करता येत नाहीत. मी पहिलीला नेहमी नुसतं 'लेन्स्टर' म्हणतो. कंस सोडून देतो. आणि १८८१ च्या आधीचं काही लिहायचं असेल तर १०० वी की १०९ वी, हा आकडा लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

लेन्स्टरचा शेवटही कॅनडातल्या कुठल्या निर्णयाने झाला नाही. १९२२ मध्ये आयर्लंडचा बहुतेक भाग वेगळा होऊन आयरिश फ्री स्टेट झालं आणि ज्या ब्रिटिश रेजिमेंटींचे भरतीचे जिल्हे त्यात गेले, त्या मोडण्यात आल्या. १२ जूनला विंडसरच्या किल्ल्यात पाच आयरिश पायदळ रेजिमेंटींनी आपली निशाणं राजा पाचव्या जॉर्जच्या हाती सोपवली. त्या पाचांत रॉयल आयरिश होती, कॉनॉट रेंजर्स होती, मन्स्टर आणि डब्लिन फ्युझिलियर्स होत्या, आणि लेन्स्टर.