थंड समुद्राचे तापमान विमानातून: एका मोजणीची पार्श्वभूमी

समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मोजण्याचे काम दीर्घकाळ बादलीवर चालले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७५ मध्ये अटलांटिक ओलांडताना पाण्यात तापमापक बुडवून गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाचा माग काढला. पुढे जहाजावरील खलाशी बादलीने पाणी वर ओढून तापमान नोंदवू लागले आणि वाफेची जहाजे आल्यावर इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचीही नोंद होऊ लागली. कापडी बादलीतले पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने निवते, तर इंजिनाकडे जाणारे पाणी यंत्रघरातील उष्णतेने किंचित तापते, त्यामुळे या दोन्ही नोंदी एकमेकींशी सहज जुळत नाहीत. याहून मोठी अडचण वेगाची होती. जहाजाला प्रवाहाची एक कड ओलांडून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचायला जितका वेळ लागे, तितक्यात ती पहिली कड जागची हललेली असे.

विमान हा या अडचणीवरचा उपाय होता. मात्र विमानातून पाण्याला स्पर्श करता येत नाही. स्पर्शाविना तापमान कळण्याचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहणारे) किरण ओळखले आणि १८७९ मध्ये योझेफ स्टेफान यांनी वस्तूचे तापमान व तिच्यातून बाहेर पडणारी ऊर्जा यांचा संबंध मांडला. सुदैवाने ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) या तरंगलांबीच्या पट्ट्यात हवा बरीच पारदर्शक असते, आणि त्याच पट्ट्यात पाणी जवळजवळ आदर्श कृष्णवस्तूसारखे, म्हणजे पडलेले सर्व किरण शोषून केवळ आपल्या तापमानानुसार किरण सोडणाऱ्या वस्तूसारखे, वागते.

१९५३ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल, विल्यम फॉन आर्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा आणि प्रारण-तापमापक (वस्तूतून निघणाऱ्या किरणांवरून, म्हणजे प्रारणावरून, तापमान सांगणारे उपकरण) यांच्या साहाय्याने गल्फ स्ट्रीमच्या जलद हवाई सर्वेक्षणाचा वृत्तांत ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. या प्रवाहाच्या उत्तरेकडील कडेला थंड आणि उबदार पाणी इतके लगत असते की थोड्या किलोमीटरांत तापमान अनेक अंशांनी बदलते. अशी कड शोधायची असेल, तर उपकरणाची अर्ध्या अंशाची चूक फारशी अडत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने असे तापमापक विमानांवर बसवले, आणि त्याच दशकात कॅनडाच्या हवामान सेवेने ग्रेट लेक्सच्या थंड पाण्यावर अशी सर्वेक्षणे नियमितपणे सुरू केली.

कड शोधणे निराळे आणि तापमान अचूक सांगणे निराळे. माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास हा दुरुस्त्यांचा इतिहास आहे. अवरक्त तापमापकाला दिसतो तो पाण्याचा केवळ वरचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका थर. हा थर हवेला सतत उष्णता देत असल्याने खालच्या पाण्यापेक्षा बहुधा अंशाच्या काही दशांशांनी थंड असतो. म्हणजे बादली आणि विमान मुळातच दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. त्यात विमान आणि पाणी यांमधील हवेतली बाष्पे स्वतःचे प्रारण मिसळतात. शिवाय पाणी आदर्श कृष्णवस्तूच्या जवळ असले तरी एक-दोन टक्के प्रारण ते परावर्तित करते, आणि त्यामुळे आकाशाचे तापमानही मोजणीत शिरते. निरभ्र आकाश अवरक्तात अतिशय थंड दिसते आणि एवढ्याशा परावर्तनाने नोंद सुमारे अर्ध्या अंशाने खाली येऊ शकते.

पीटर साँडर्स यांनी १९६७ मध्ये यावर एक सुंदर युक्ती मांडली. तेच पाणी एकदा सरळ खाली आणि एकदा तिरपे पाहायचे. उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन केला की किरणांचा हवेतील मार्ग दुप्पट होतो, आणि तिरप्या नजरेला वाढलेले परावर्तन हिशेबात धरून दोन्ही नोंदींतील फरकावरून मधल्या हवेचा वाटा काढता येतो. १९९१ मध्ये ‘ईआरएस-१’ या युरोपीय उपग्रहावर गेलेल्या ‘एटीएसआर’ उपकरणाने पृथ्वीकडे अशाच दोन कोनांतून पाहिले.

थंड समुद्रात हा हिशेब काहीसा बदलतो. तेथली हवा कोरडी असल्याने बाष्पाची दुरुस्ती लहान राहते, पण चुकीची किंमत मोठी होते. खारे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. त्यामुळे अर्ध्या अंशाच्या चुकीने खुले पाणी आणि नुकता धरू लागलेला बर्फ यांत गल्लत होते. बर्फ आणि पाणी यांची उत्सर्जकता (किरण बाहेर सोडण्याची क्षमता) जवळपास सारखी असल्याने अवरक्त उपकरणाला दोघांत भेद करण्यासाठी तापमानाखेरीज फारसा आधार नसतो.

ग्रीनलंड आणि कॅनडा यांमधील बॅफिनच्या उपसागरात उत्तरेला ‘नॉर्थ वॉटर’ नावाचा भाग कडाक्याच्या हिवाळ्यातही पुरता गोठत नाही. स्विस हवामानशास्त्रज्ञ कोनराड स्टेफेन यांनी १९७८-७९ आणि १९८०-८१ च्या हिवाळ्यांत तेथे कमी उंचीवरून उड्डाणे करून पृष्ठभागाचे तापमान टिपले, आणि तेथे तुलनेने उबदार पाण्याचे पट्टे आढळल्याचे १९८५ मध्ये मांडले. सूर्यच न उगवणाऱ्या त्या महिन्यांत साध्या छायाचित्रणाचा उपयोग नव्हता. अवरक्त तापमापकाला मात्र उजेड लागत नाही.

उपग्रह आल्यावर विमानाचे काम संपेल असे वाटणे स्वाभाविक होते. तसे झाले नाही, कारण ध्रुवीय समुद्रांवर उन्हाळ्यात सखल ढगांचे आच्छादन आठवडेच्या आठवडे टिकते आणि अवरक्त उपग्रहाला त्याखालचे काहीच दिसत नाही. नासाच्या २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन आइसब्रिज’ या ध्रुवीय बर्फाच्या हवाई सर्वेक्षणाच्या विमानांवरही पुढे ‘केटी-१९’ हा अवरक्त तापमापक होता. बर्फातील उघड्या भेगा त्याच्या नोंदींवरून ओळखता येत. ढगाखालून उडणाऱ्या विमानाला आणखी एक फायदा मिळतो. सखल ढगाचा तळ समुद्राच्या तापमानापासून फार दूर नसतो. त्यामुळे पाण्यात परावर्तित होणारे ‘आकाश’ पाण्याइतकेच थंड असते आणि साँडर्स यांच्या काळापासून छळणारी ती अर्ध्या अंशाची चूक तेथे जवळजवळ नाहीशी होते.