ओंडक्यांच्या घराला स्वेटर कोणी घातला?

स्वीडनमधलं जुनं लाकडी घर बाहेरून इन्सुलेट करायचं, म्हणजे थंडी अडवणारा थर लावायचा म्हटलं की लोक दोन गटांत भांडतात, एक म्हणतो ओंडके झाकणं म्हणजे पाप, दुसरा म्हणतो हीटिंगचं बिल तू भरणार का. पण ओंडके झाकायची पद्धत तिथे इन्सुलेशनच्या कितीतरी आधीपासून आहे.

आधी उघडेच असायचे. ओंडके एकावर एक आडवे रचायचे, कोपऱ्यात खाचा करून अडकवायचे, मधल्या फटीत शेवाळ ठासायचं. लाकूड वाळत जातं तसं घर खाली बसतं, म्हणून दारा-खिडक्यांच्या वर मुद्दाम जागा सोडायची आणि फळ्या ठोकायच्याच असतील तर काही वर्षं थांबून मग ठोकायच्या. सुरुवातीला फळ्या म्हणजे श्रीमंती थाट, जमीनदार नाहीतर पाद्रीबुवांच्या घराला. मग १८४९ मध्ये सुंद्सव्हालजवळ तुनादालला स्वीडनमधली पहिली वाफेवरची सॉ-मिल सुरू झाली, पुढे अशा मिल वाढत गेल्या, फळ्या स्वस्त झाल्या आणि शेतकऱ्यांनीही उभ्या फळ्या, वर फटींवर पट्ट्या असं सुरू केलं. वरून फालूनच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा लाल रंग, तो राईचं पीठ घालून शिजवतात! हे सगळं पाऊस-वाऱ्यासाठी आणि दिसण्यासाठी, आणि भिंतीला आत-बाहेर दोन्हीकडून वाळायला वाव असायचा.

खरा गोंधळ १९७३ च्या तेलसंकटानंतर झाला. घरं तापवायला बाहेरून आणलेलं तेल, त्याचे भाव भडकले, सरकारने जुन्या घरांचं इन्सुलेशन करायला कर्ज-अनुदान दिलं आणि लोक धडाधड कामाला लागले. हिशोब सरळ होता, १५ सेंमी पाइनचा ओंडका जेवढी थंडी अडवतो साधारण तेवढी ५ सेंमी मिनरल वूल (दगड नाहीतर काच वितळवून केलेली लोकर) अडवते. म्हणजे भिंत दुप्पट उबदार, तेही घरातली जागा न खाता, मग कोण सोडणार?

पण भिंत बाहेर सरकली आणि खिडक्या होत्या तिथेच राहिल्या. जुन्या घरात खिडकी बाहेरच्या अंगाला जवळपास भिंतीच्या रेषेत असते, आता ती खोल बिळात गेल्यासारखी दिसायला लागली, छपराचा पुढे आलेला भाग आखूड पडला, खाली दगडी जोत्याच्या बाहेर भिंत लोंबायला लागली. कित्येक घरांवर फळ्यांऐवजी पत्रा नाहीतर सिमेंटचे शीट आले, कोरीव चौकटी काढून फेकल्या. घराचा चेहराच गेला म्हणा ना.

ओल हा वेगळा विषय. खरंतर इन्सुलेशन बाहेरून केलं तर ओंडका उबेत राहतो, कोरडा राहतो, आतून केलं तर तोच थंड पडतो आणि घरातली वाफ त्याच्यावर जमते. म्हणजे बाहेरून करणं चुकीचं नव्हतंच. गडबड व्हायची ती वाफ बाहेर जाऊ न देणारा थर बाहेरच्या बाजूला लावला, किंवा पत्र्यामागे हवेला जागाच सोडली नाही की. मग ओल अडकते, सगळ्यात खालचा ओंडका कुजतो आणि फळी काढेपर्यंत कोणाला पत्ता नसतो.

म्हणून आता जाणकार माणसं ओंडक्यावर वाफ जाऊ देणारी लोकर किंवा लाकूड-तंतूंचे बोर्ड लावतात, वर वारा अडवणारा कागद, मग पट्ट्या ठोकून दोनेक सेंमी हवेची फट आणि शेवटी पुन्हा त्याच उभ्या फळ्या. खिडक्याही बाहेर सरकवून घेतात, खर्च वाढतो पण घर घरासारखं दिसतं.