टॉम केटल : होमरूलवाला ब्रिटिश फौजेत कसा गेला?

आयर्लंडला स्वराज्य हवं म्हणून झटणारा माणूस ब्रिटिश लष्करात अधिकारी होतो, याचा उलगडा १९१४ साल पाहिल्याशिवाय होत नाही.

टॉम केटल यांचा जन्म १८८० चा. वडील अँड्र्यू हे कुळांसाठी लढणाऱ्या लँड लीगच्या संस्थापकांपैकी, त्यामुळे राजकारण घरातच होतं. टॉम १९०५ मध्ये बॅरिस्टर झाले आणि पुढच्याच वर्षी ईस्ट टायरोनची पोटनिवडणूक अवघ्या १८ मतांनी जिंकून पार्लमेंटात गेले. पुढे डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१० मध्ये खासदारकी सोडली.

१९१४ च्या उन्हाळ्यात ते बेल्जियममध्ये होते, तेही आयरिश व्हॉलंटियर्स या राष्ट्रवादी स्वयंसेवक दलासाठी बंदुका विकत घ्यायला! पहिलं महायुद्ध पेटलं आणि तिथेच जर्मन फौजा घुसल्या. चिमुकल्या देशाची ती वाताहत त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि वार्ताहर म्हणून लिहून कळवली. सप्टेंबरात होमरूलचा, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यात राहून आयर्लंडला स्वराज्य देणारा कायदा मंजूर झाला, अंमल मात्र युद्धापुरता स्थगित. केटल यांच्या होमरूलवादी पक्षाचे नेते जॉन रेडमंड यांनी तरुणांना फौजेत जायला सांगितलं. केटल रॉयल डब्लिन फ्युझिलियर्समध्ये अधिकारी झाले. त्या घडीला असंख्य आयरिश राष्ट्रवाद्यांना यात काही विसंगत वाटलं नव्हतं, हे विसरून त्यांना जोखणं अन्यायाचं आहे.

मग एप्रिल १९१६ उजाडला. आपल्याकडे टिळक बेळगावात होमरूल लीग स्थापन करत होते, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा सशस्त्र उठाव पेटला होता. केटल यांना उठावाचा मार्ग मान्य नव्हता. पण त्यांचे साडू फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन, शस्त्राला हात न लावणारे शांततावादी, यांना एका ब्रिटिश कॅप्टनने खटला न चालवता गोळ्या घातल्या. पाठोपाठ उठावाच्या नेत्यांना मृत्युदंड झाला आणि जनमत फिरलं. ते नेते हुतात्मे ठरतील आणि आपण मात्र ब्रिटिश अधिकारी म्हणूनच ओळखले जाऊ, हे केटल यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

तरीही त्यांनी आघाडीवर जाण्याचा आग्रह धरला. फ्रान्समधल्या सोमच्या रणभूमीवर सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी लहानग्या लेकीसाठी सुनीत लिहिलं: बाप तुला सोडून का गेला, याचं उत्तर. ९ सप्टेंबर १९१६ रोजी गिंशी गावावरच्या हल्ल्यात ते पडले. वय ३६. त्यांची कबर कुठेच नाही. सोमजवळच्या थिएपव्हालच्या युद्धस्मारकावर तेवढं नाव आहे. डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसायला १९३७ साल उजाडावं लागलं.