जर्मनीत नोकरीला गेलेल्यांचा आरोग्य विमा

जर्मनीत राहायचं तर आरोग्य विमा असावाच लागतो, तो घ्यायचा की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की कुठला घ्यायचा, पब्लिक की प्रायव्हेट. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी गेलेला माणूस हा निर्णय बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घेतो, घर मिळालेलं नसतं, भाषा धड येत नसते, आणि कंपनीतली एचआर म्हणते की विम्याचा कागद द्या म्हणजे पगार सुरू करता येईल. त्या घाईत केलेली सही पुढे वीस-तीस वर्षं पुरते, म्हणून ही पद्धत नीट समजून घ्यायला हवी.

ही व्यवस्था जुनी आहे. बिस्मार्कच्या काळात 1883 साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, आजची पब्लिक पद्धत त्यातूनच वाढत आली आणि 2009 पासून देशात राहणाऱ्या प्रत्येकाला विमा सक्तीचा झाला. पब्लिक म्हटलं तरी ते सरकारी खातं नाही. 'क्रांकेनकासे' नावाच्या स्वतंत्र संस्था हा विमा चालवतात, त्या शंभरच्या आत आहेत, टेश्निकर, बार्मर, आओके ही त्यातली मोठी नावं. देशातले दहातले जवळपास नऊ जण यातच आहेत. कायद्याने ठरलेले उपचार सगळीकडे सारखेच मिळतात, फरक पडतो तो हप्त्याच्या जादा थोड्या टक्क्यांत आणि इंग्रजीत फोनवर बोलणारं कोणी भेटतं का यात, आणि नवीन माणसाला ही दुसरी गोष्ट खरंच महत्त्वाची असते.

पैसे कसे जातात ते पगाराच्या स्लिपवर दिसतं. हप्ता वयावर नाही, आजारावर नाही, पगारावर ठरतो. मूळ दर 14.6 टक्के, त्यावर प्रत्येक संस्थेचा स्वतःचा जादा दर, 2025 साठी त्याची सरासरी 2.5 टक्के धरलेली होती, आणि दोन्हीतलं अर्धं कंपनी भरते. म्हणजे 2025 च्या दराने महिन्याला 4,000 युरो पगार असलेल्याचे साधारण 342 युरो कट व्हायचे, तेवढेच कंपनी घालायची. शिवाय त्याच स्लिपवर खाली म्हातारपणच्या देखभालीचा विमा वेगळा, 3.6 टक्के, तोही अर्धा-अर्धा (सॅक्सनी राज्यात वाटणी वेगळी आहे), आणि तेवीस वर्षांवरच्या ज्यांना मूल नाही त्यांना आणखी 0.6 टक्के स्वतःच्या खिशातून. मूल नसलेल्याचे असे सगळे मिळून 438 युरो. पहिली स्लिप बघून छातीत धस्स होतं, इतके पैसे आणि मी तर आजारीसुद्धा नाही, असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणतो. पण याला वरची मर्यादा आहे, 2025 मध्ये महिन्याच्या 5,512.50 युरोपर्यंतच्याच पगारावर हप्ता लागायचा, त्यापुढे पगार कितीही वाढला तरी हप्ता तिथेच थांबतो.

आणि त्या पैशात काय मिळतं ते बघा. नवरा किंवा बायको कमावत नसेल किंवा अगदी थोडं कमावत असेल तर तिचा विमा त्याच हप्त्यात, पोरांचा पण त्यातच, एक युरो जास्त नाही. डॉक्टरकडे कार्ड दाखवायचं, बिल हातात येतच नाही. औषधाला साधारण 5 ते 10 युरो, हॉस्पिटलात दिवसाला 10 युरो आणि तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस. जानेवारी 2024 पासून प्रिस्क्रिप्शनसुद्धा कार्डावरून चालतं, औषधाच्या दुकानात कार्ड मशीनमध्ये घातलं की काय लिहून दिलंय ते समोर येतं. माणूस आजारी पडून कामावर जाऊ शकला नाही तर पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते आणि त्यानंतर क्रांकेनकासे पगाराच्या साधारण 70 टक्के देत राहते, एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत. आपल्याकडे कॅन्सर निघाला की आधी घरातले दागिने आठवतात, तिथे ते आठवावे लागत नाहीत, आणि हे समजल्यावर ती स्लिप वेगळी दिसायला लागते. दात आणि चष्म्याच्या बाबतीत मात्र पब्लिक हात आखडता घेतं. चष्मा मोठ्या माणसाला बहुतेक वेळा मिळत नाही, दाताच्या कॅपसाठी नेहमीच्या उपचाराच्या 60 टक्के मिळतात आणि दहा वर्षं दरवर्षी तपासणीचा शिक्का मारून घेतला असेल तर 75. म्हणून पुष्कळ मराठी घरांत दातांची कामं भारतवारीत उरकून घेतात.

प्रायव्हेट घ्यायची मुभा नोकरदाराला कधी, तर पगार एका ठराविक रेषेच्या वर असेल तर. 2025 मध्ये ती रेषा वर्षाला 73,800 युरो होती आणि दरवर्षी ती थोडी सरकते. अनुभवी आयटीवाले पहिल्याच नोकरीत तिच्या वर असू शकतात. प्रायव्हेटचा हप्ता पगारावर नसून आत शिरताना तुमचं वय आणि तब्येत काय यावर असतो, त्यामुळे तिशीतल्या निरोगी एकट्या माणसाला तो पब्लिकपेक्षा स्वस्त वाटतो, अपॉइंटमेंट लवकर मिळते, हॉस्पिटलात मोठा डॉक्टर बघतो. बिल मात्र आधी स्वतः भरून मग विमा कंपनीकडून परत मागायचं. लग्न झालं की बायकोची पॉलिसी वेगळी, प्रत्येक मुलाची वेगळी. बायको पब्लिकमध्ये नोकरी करत असेल तरी पोरं तिच्या कार्डावर फुकट जातीलच असं नाही, नवऱ्याचा पगार रेषेच्या वर असेल, तिच्यापेक्षा जास्त असेल आणि तो प्रायव्हेटमध्ये असेल तर ती सवलत जाते, हे खूप जणांना बाळ झाल्यावरच समजतं. परत पब्लिकमध्ये यायला पगार रेषेखाली उतरावा लागतो किंवा नोकरी जाऊन बेकारी भत्ता सुरू व्हावा लागतो, आणि 55 वर्षांनंतर तो दरवाजा जवळपास बंदच. अर्ज भरताना शुगर, बीपी, जुनं ऑपरेशन काही म्हणजे काही लपवायचं नाही, नंतर सापडलं तर विमा कंपनी पॉलिसी रद्द करू शकते आणि तेव्हा वयही वाढलेलं असतं.

पहिल्याच नोकरीत पगार रेषेच्या वर आहे म्हणून पब्लिक मिळणारच नाही असं एजंट सांगतात, ते खरं नाही. जर्मनीत पहिल्यांदा नोकरी धरणाऱ्याला स्वेच्छेने पब्लिकमध्ये येता येतं, फक्त तीन महिन्यांच्या आत कळवावं लागतं. ती मुदत गेली की गेली. ज्याला पुढे घरचे आणायचे आहेत किंवा पाच वर्षांनी परत जाऊ की राहू हे माहीत नाही त्याने पब्लिकच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

विद्यार्थ्यांचं वेगळं. तिशीच्या आत असेल तर पब्लिकचा विद्यार्थी दर मिळतो, 2025 च्या सुमारास महिन्याला साधारण 140 ते 150 युरो. काही पोरं पैसे वाचवायला प्रवेशाच्या वेळी स्वस्तातली प्रायव्हेट घेतात आणि पब्लिकमधून सूट मागतात, पण ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही.

सगळ्यात अवघड जागा आई-वडिलांची आहे. पब्लिकच्या फुकट घरच्या विम्यात नवरा-बायको आणि मुलं येतात, आई-बाबा येत नाहीत. भेटीला आणायचं तर शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो आणि तो 90 दिवसांपुरता चालतो, पण त्यात आधीपासून असलेले आजार बहुधा वगळलेले असतात. स्टुटगार्टजवळच्या एका ओळखीच्या घरी सांगलीहून आई आल्या होत्या, तिसऱ्या आठवड्यात रात्री छातीत धडधडायला लागलं, मुलाने 112 ला फोन केला, अँब्युलन्स दहा मिनिटांत दारात. दोन रात्री हॉस्पिटलात काढून त्या बऱ्या झाल्या. मग बिल आलं आणि विमा कंपनीचं पत्र पण आलं की बीपीच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या, हे आमच्यात बसत नाही. आई तर म्हणत होत्या, अरे मी उगाच आले, तुला खर्चात घातलं. मुलाने ते हप्त्याहप्त्याने फेडलं. म्हणून पॉलिसी घेताना किंमत नंतर बघा, जुना आजार अचानक बळावला तर निदान जीव वाचवण्याचा खर्च देणार का ते वाक्य आधी शोधा, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं किंवा नसतं. मार्च 2024 पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडिलांना कायमचं आणण्याची वाट कायद्याने मोकळी झाली, पण त्यांचा विमा दाखवावा लागतो, आणि सत्तरीच्या माणसाला नवीन विमा देणारी कंपनी मिळणं किंवा मिळाली तर परवडणं हीच खरी अडचण आहे.

उलट दिशेने, सुट्टीत भारतात येताना जर्मन कार्ड इथे चालत नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार मे 2017 पासून लागू आहे पण तो पेन्शनचा आहे, दवाखान्याचा नाही. त्यामुळे परदेश प्रवासाची वेगळी वार्षिक पॉलिसी घेतात, ती स्वस्त असते, फक्त एका फेरीला किती दिवस चालते ते बघायचं, कारण बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी तीन महिने राहिलं तर ती मधेच संपते. आणि कायमचं परत यायचं ठरलं तर पत्ता रद्द केल्याचा कागद क्रांकेनकासेला पाठवायचा, नाहीतर त्यांच्या लेखी तुम्ही तिथेच राहता आणि हप्त्याची पत्रं रिकाम्या घरी येत राहतात.