कैलास-मानसरोवर यात्रेचा अर्ज: बेळगाव, खानापूर, निपाणीकडील अर्जदारांसाठी

परराष्ट्र मंत्रालयामार्फत होणारी कैलास-मानसरोवर यात्रा २०२० पासून बंद होती. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा अर्जाची मुदत २६ एप्रिल ते १३ मे अशी अवघी अठरा दिवसांची होती. तेवढ्यात ५,५६१ अर्ज आले आणि निवड झाली ७५० जणांची. नवा पासपोर्ट काढणे, जुन्यातील नाव दुरुस्त करून घेणे किंवा सहा किलो वजन उतरवणे, यांपैकी एकही गोष्ट अठरा दिवसांत होईलच अशी खात्री नसल्यामुळे खरी तयारी घोषणेच्या निदान सहा महिने आधी, म्हणजे दिवाळी उरकली की लगेच सुरू करावी.

अर्जदार भारतीय नागरिक असावा आणि यात्रेच्या वर्षाच्या १ जानेवारीस त्याचे वय १८ ते ७० वर्षांच्या दरम्यान असावे. आपल्याकडे गोव्याशी सोयरीक असलेल्या काही घरांत पोर्तुगालचा पासपोर्ट घेतलेली माणसे आहेत. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे) असले तरी त्यांना अर्ज करता येत नाही. पासपोर्ट त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपासून पुढे किमान सहा महिने वैध असावा लागतो. अर्ज एप्रिल-मेमध्ये भरायचा असल्याने मुदतीचा हिशेब पुष्कळ जण अर्जाच्या तारखेपासून करतात आणि तिथेच चुकतात.

सीमाभागातील अर्जदारांची सर्वांत जास्त अडचण नावापाशी होते. शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी आद्याक्षरे आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासह संपूर्ण नाव, अशी चार कागदांवर चार रूपे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. चंदगड-आजऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या स्त्रियांच्या बाबतीत त्यात माहेरच्या आडनावाची भर पडते. यात्रेच्या अर्जात मात्र पासपोर्टवर जे छापले आहे तेच अक्षरशः भरावे, मग इतर कागद काहीही म्हणोत. जन्मस्थानापुढे जुने ‘बेलगाम’ असल्यास तेही तसेच लिहावे. २०१४ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले एवढ्यासाठी चालू पासपोर्ट बदलत बसण्याचे कारण नाही. पासपोर्टवरील नावच चुकीचे असेल, तर मात्र ते वेळेत दुरुस्त करून घ्यावे.

अर्ज फक्त ऑनलाइन भरावा लागतो. छायाचित्र आणि पासपोर्टचे पहिले व शेवटचे पान स्कॅन करून जोडावे, आणि उत्तराखंडातील लिपुलेख की सिक्कीममधील नाथू ला हा मार्गाचा पसंतीक्रम द्यावा. लिपुलेख मार्गावर चालणे अधिक आहे. नाथू ला मार्गावर ते कमी, पण खर्च जास्त. पती-पत्नींना एकत्र जायचे असल्यास दोघांचा अर्ज एकत्र भरता येतो. निवड संगणकीय सोडतीने होते, तिथे कोणाचीही ओळख चालत नाही. निवड झाल्यावर भरावयाची पुष्टी रक्कम परत मिळत नाही.

त्यानंतर स्टँप पेपरवरील, नोटरी केलेला हमीपत्राचा कागद, आपत्कालीन हेलिकॉप्टर सुटकेच्या खर्चाचे प्रतिज्ञापत्र आणि एक संमतीपत्र द्यावे लागते. ई-स्टँप आपल्या भागातील सौहार्द सहकारी सोसायट्यांतही मिळतो. मसुदा मात्र मंत्रालयाने दिलेलाच वापरावा, कोर्टाच्या आवारातील टायपिस्टकडे तयार असलेला कन्नड नमुना नव्हे. संमतीपत्रातील मजकूर असा, की चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार तिथेच करण्यास आपली हरकत नाही. नोटरीच्या टेबलाशी उभ्याउभ्या तो पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाचा हात क्षणभर थांबतो, म्हणून हा कागद आधी घरी, सर्वांच्या देखत वाचलेला बरा.

आता शरीराचे. बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २५ किंवा त्याहून कमी असावा लागतो. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी ही मर्यादा सुमारे ६८ किलोंवर येते. पहिली वैद्यकीय तपासणी दिल्लीत होते, दुसरी वाटेत, लिपुलेख मार्गावर गुंजी येथे, उंचीवर शरीर कसे वागते ते पाहण्यासाठी. तिथे अपात्र ठरलेल्याला माघारी फिरावे लागते आणि त्याचे पैसे बुडतात. म्हणून रक्तदाब, साखर, दमा किंवा हृदयविकार लपवून दिल्ली गाठण्यात शहाणपण नाही. रक्ततपासणी, ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी आधी बेळगावातच करून घ्यावी. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर आहे आणि कैलासाच्या परिक्रमेतील डोल्मा खिंड सुमारे ५,६०० मीटरवर, त्यामुळे व्हॅक्सिन डेपोच्या सपाट फेऱ्या पुरेशा नाहीत. आठवड्यातून दोनदा पाठीवर सहा-सात किलोंची सॅक घेऊन येळ्ळूरचा राजहंसगड चढावा. अर्थात, चढण्याच्या सरावाने दम वाढतो. विरळ हवेची सवय मात्र तिथे गेल्यावर, सावकाशच होते.

कर्नाटकचे मुजराई (देवस्थान) खाते ही यात्रा पूर्ण करणाऱ्या राज्यातील रहिवाशांना ३०,००० रुपयांचे अनुदान देत आले आहे. त्यासाठी रहिवासाचा पुरावा कर्नाटकातील लागतो, त्यामुळे घर खानापुरात आणि आधारवर पत्ता कोल्हापूरचा अशी स्थिती असेल, तर पत्ता आधी बदलून घ्यावा. प्रवासाच्या पावत्या आणि यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्रही जपून ठेवावे.