‘मिशन चालवणारं चर्च’ आणि ‘मिशनल चर्च’: गल्लत नेमकी कुठे होते?

चर्चच्या सभागृहात मागच्या भिंतीवर जगाचा नकाशा. त्यावर रंगीत टाचण्या, प्रत्येक टाचणीपासून निघालेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला एका मिशनरी कुटुंबाचा फोटो. खाली दानपेटी, तिच्यावर ‘मिशन’ असं लिहिलेलं. प्रोटेस्टंट चर्चमध्ये वावरलेल्या माणसाला ही भिंत ओळखीची वाटेल. अलीकडे अशाच एखाद्या इमारतीबाहेर नवा फलक दिसतो: ‘आम्ही मिशनल चर्च आहोत.’ आत जावं तर नकाशा जागच्या जागी आणि पेटीही तीच.

दोन्ही शब्दांचं मूळ एकच असल्याने ही गल्लत सहज होते. ‘मिशन’ आलं ‘पाठवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून. मराठी बायबलमधला ‘प्रेषित’ही त्याच अर्थाचा. फरक समजून घ्यायला शाळेतलं व्याकरण पुरतं. ‘चर्च मिशन चालवतं’ या वाक्यात चर्च कर्ता आहे. ते माणसं निवडतं, पैसा उभा करतं, कुठे जायचं ते ठरवतं. गायकवृंद, रविवारची शाळा, तरुणांची सभा, तसाच मिशन हा आणखी एक विभाग. ‘देव चर्चला पाठवतो’ या वाक्यात मात्र चर्च कर्म होतं. पाठवणारा देव, आणि पाठवली जाते ती अख्खी मंडळी. ‘मिशनल’ म्हणतात ते या दुसऱ्या अर्थाने. इथे मराठीची एक सोय आहे. आपल्या भाषेत ‘चर्च’ आणि ‘मंडळी’ असे दोन शब्द आहेत. इमारत कुठे पाठवता येत नाही, मंडळी पाठवता येते.

पहिल्या कल्पनेचा सुवर्णकाळ पाहायचा तर १९१० सालच्या जूनमध्ये एडिंबरा इथे भरलेली जागतिक मिशनरी परिषद पाहावी. साधारण १,२०० प्रतिनिधी जमले होते. त्यांच्या मनातल्या जगाचे सरळ दोन भाग होते: इकडे ख्रिस्ती देश, तिकडे ख्रिस्ती नसलेले. मिशन म्हणजे इकडून तिकडे जाणारी वाट. आशियातले प्रतिनिधी मूठभर. त्यांच्यातले भारतीय धर्मगुरू व्ही. एस. अझरया यांनी तिथे मिशनऱ्यांच्या त्यागाबद्दल आदर दाखवला आणि शेवटी मागितलं काय, तर मित्र. देणारा आणि घेणारा अशी विभागणी घेणाऱ्याच्या बाजूने कशी दिसते, हे त्या एका मागणीत आलं.

नकाशा फाटला तो लवकरच. ‘ख्रिस्ती देशां’नी आपसातच दोन महायुद्धं लढली. १९४९ च्या क्रांतीनंतर काही वर्षांतच चीनमधून परदेशी मिशनरी बाहेर पडले. पिढ्यान्‌पिढ्या जिथे माणसं आणि पैसा ओतला, तो सगळ्यात मोठा मुलूख हातचा गेला. त्या धक्क्यातच १९५२ मध्ये जर्मनीतल्या विलिंगेन इथे परिषद भरली आणि विचाराने कूस बदलली. मिशन हे मुळात चर्चचं नाही, देवाचं आहे. चर्चला त्यात वाटा मिळतो, एवढंच. यालाच पुढे ‘मिसिओ देई’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘देवाचं मिशन’, म्हणू लागले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘आद जेन्तेस’ या १९६५ च्या आदेशातही ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, स्वभावतःच मिशनरी असल्याचं म्हटलं आहे. ‘स्वभावतः’ या शब्दाला इथे वजन आहे. स्वभावाचं खातं उघडता येत नाही, त्यासाठी समितीही नेमता येत नाही.

तरी हे सगळं परिषदांच्या कागदांवरच राहिलं असतं. ते जमिनीवर कसं दिसतं, हे लेस्ली न्यूबिगिन यांच्या आयुष्यात पाहायला मिळतं. हा इंग्रज माणूस १९३६ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आला, १९४७ मध्ये दक्षिण भारत चर्चच्या पहिल्या बिशपांपैकी एक झाला आणि १९७४ मध्ये मद्रासचे बिशप म्हणून निवृत्त झाला. परत जाताना पतिपत्नींनी मिळेल त्या बसने, दोन बॅगा आणि एक पाठपिशवी घेऊन जमिनीवरून इंग्लंड गाठलं. तिथे लोक विचारत, भारतातून इकडे येताना सगळ्यात अवघड काय गेलं? त्यांचं उत्तर ठरलेलं: आशाच दिसेनाशी झाली. ज्या देशाने त्यांना पाठवलं होतं, तोच आता मिशनचं क्षेत्र झाला होता. नकाशावरचा दोरा उलटा फिरला.

वयाच्या सत्तरीत त्यांनी बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन भागातली एक लहानशी मंडळी पगाराशिवाय सांभाळायला घेतली. चर्च तुरुंगाच्या समोर, वस्ती गरीब, बरेच शेजारी आशियातून आलेले. मंडळी बंद करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. न्यूबिगिन यांचं म्हणणं होतं की अशा वस्त्या सोडून चर्च सुखवस्तू उपनगरांत सरकलं, तर त्याने मिशनचं नाव घेऊ नये. हे काम भारतातल्या कामापेक्षा कठीण असल्याचं त्यांनी नोंदवून ठेवलंय. विरोध परवडला, पण थंड तुच्छता सोसत नाही, असा त्यांचा सूर होता. ‘मिशनल’ हा शब्द पुढे रूढ झाला तो त्यांच्या विचारांवर वाढलेल्या उत्तर अमेरिकी अभ्यासकांमुळे, १९९८ च्या सुमारास.

आता आणखी एका गल्लतीबद्दल, कारण माझ्या मते आज जास्त फसगत तिथे होते. चर्चने काळानुसार रूप बदललं की ते ‘मिशनल’ झालं, असा समज आहे. शिकागोजवळ १९७५ मध्ये सुरू झालेल्या विलो क्रीक चर्चचं उदाहरण घ्या. त्याचे संस्थापक बिल हायबल्स आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन विचारत, तुम्ही चर्चला का येत नाही? उत्तरं लक्षात घेऊन त्यांनी भाड्याच्या चित्रपटगृहात उपासना सुरू केली आणि माणसं हजारांनी आली. यात कल्पकता होती, तळमळही होती. पण दिशा ‘या’ अशीच होती, ‘जा’ अशी नव्हती. २००७ मध्ये त्याच चर्चने स्वतःची पाहणी जाहीर करून मान्य केलं की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून आध्यात्मिक वाढ होतेच असं नाही. एवढ्या मोठ्या संस्थेने हे आपणहून सांगावं, याचं मला कौतुक वाटतं.

दुसऱ्या बाजूलाही खड्डा आहेच. मंडळीच पाठवलेली आहे म्हटलं, की वाचनालयापासून बागकामापर्यंत सगळ्याला मिशन म्हणायची सोय होते. तिरुनेलवेलीचे बिशप राहिलेले स्टीफन नील यांनी फार आधी बजावलं होतं की सगळंच मिशन असेल तर काहीच मिशन नाही. मला हा आक्षेप रास्त वाटतो. ‘मिशनल’चा फलक लावून नकाशा काढून टाकणारी मंडळी दूरच्या लोकांना विसरते, आणि जवळच्यांकडे जातेच असंही नाही.

चर्च ऑफ इंग्लंडची अडचण वेगळीच. तिथे देशाचा जवळपास प्रत्येक कोपरा कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या, म्हणजे एका स्थानिक चर्चला नेमून दिलेल्या भागाच्या, हद्दीत येतो. माणसं मात्र आता हद्दीत जगत नाहीत; काम एका गावात, मुलांची शाळा दुसऱ्या, मित्र भलतीकडेच. २००४ च्या एका अहवालानंतर तिथे कॅफेत, शाळेत, स्केटबोर्डवाल्या पोरांमध्ये नव्या मंडळ्यांना वाव देण्यात आला, आणि २००७ च्या कायद्याने बिशपांना पॅरिशच्या हद्दी ओलांडणाऱ्या कामाला अधिकृत मान्यता देता येऊ लागली. मिशनसाठी कायद्यातल्या हद्दीच मोकळ्या कराव्या लागल्या.

एखादं चर्च मिशन चालवणारं की मिशनल, हे पाहायला मी फलक वाचत नाही. प्रार्थना कुणासाठी होते ते पाहतो. परदेशी निघालेल्या मिशनरीला पुढे बोलावून, डोक्यावर हात ठेवून निरोप देतात. त्याच सकाळी मागच्या बाकावर बसलेली नर्स दुसऱ्या दिवशी नव्या रुग्णालयात रुजू होणार असते. तिला कुणी पुढे बोलावत नाही. काही चर्चमध्ये आता उपासनेतली पाच मिनिटं यासाठीच राखून ठेवतात. एका सभासदाला उभं करून विचारतात, उद्या या वेळी तुम्ही कुठे असाल? उत्तर बहुधा साधंच असतं: बस चालवत असेन, आठवीच्या वर्गावर असेन, वॉर्डात असेन. मग मंडळी त्या वॉर्डासाठी प्रार्थना करते आणि पुढचं गीत सुरू होतं.